ग्राफ डेटासाठी क्लाउड डेटाबेसचा इंटरफेस कसा निवडावा : हीट नंबर ते चासी नंबर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे विवेचन कशाला धरून आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुमची कंपनी भोसरीत आहे आणि चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ट्रेसेबिलिटीची, म्हणजे प्रत्येक भाग कशातून बनला आणि कुठे गेला याचा मागोवा ठेवणारी, प्रणाली बांधत आहे. पोलादाच्या हीट नंबरपासून (एका वितळणीच्या क्रमांकापासून) सुरुवात करून फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट, मशिनिंग, गिअरबॉक्सची जुळणी आणि शेवटी वाहनाचा चासी नंबर इथपर्यंतचे सगळे दुवे साठवायचे आहेत. कंपनीने मायक्रोसॉफ्टची ॲझ्युअर ही क्लाउड सेवा घेतलेली आहे. तिच्यातल्या कॉसमॉस डीबी या डेटाबेसचे खाते उघडताना नोएसक्यूएल, मोंगोडीबी, कॅसँड्रा, ग्रेम्लिन आणि टेबल असे इंटरफेसचे, म्हणजे डेटाबेसशी कोणत्या पद्धतीने बोलायचे याचे, पर्याय समोर आले आणि तिथे गाडे अडले. वरिष्ठ म्हणतात की सगळ्यांना मोंगो येते, तेच घ्या. एक सहकारी म्हणतो की डेटा ग्राफचा, म्हणजे नोड (वस्तू) आणि त्यांना जोडणाऱ्या एज (दुवे) यांचा आहे, तेव्हा ग्रेम्लिनच. दुसऱ्याचे म्हणणे आहे की कॉसमॉस सोडून निओफोरजे हा वेगळा ग्राफ डेटाबेस घ्यावा. डेटा ग्राफसारखा असेल तर ग्रेम्लिन हेच उत्तर बरोबर ना, असे तुम्ही शेवटी विचारले आहे.

कॉसमॉसमध्येच राहायचे नक्की असेल आणि दुव्यांवरून किती पायऱ्या चालावे लागेल हे आधी सांगता येत नसेल, तर होय, ग्रेम्लिन. पायऱ्या एक किंवा दोनच असतील तर नोएसक्यूएल किंवा मोंगोचा इंटरफेसही पुरतो. कॅसँड्रा आणि टेबल हे दोन पर्याय तुमच्या कामापुरते आत्ताच बाजूला ठेवा, कारण तिथे माहिती आधी ठरलेल्या किल्लीने शोधायची असते, दुव्यांमागून दुवे काढत जायचे नसते. मात्र या सगळ्याच्या आधी साधे पोस्टग्रेसक्यूएल, म्हणजे टेबलांचा नेहमीचा डेटाबेस, पुरते का, हे तपासायलाच हवे. डेटाचे चित्र फळ्यावर ग्राफसारखे दिसते एवढ्यावरून इंटरफेस ठरवू नका. त्या डेटाला रोज कोणते प्रश्न विचारले जाणार आहेत, ते कुठून सुरू होतात आणि कोणत्या दिशेने जातात, यावर तो ठरतो.

या निवडीला इतके महत्त्व देण्याचे कारण ती नंतर फिरवता येत नाही हे आहे. कॉसमॉस डीबी मायक्रोसॉफ्टने मे २०१७ मध्ये जाहीर केले. त्याच्या आधीचे डॉक्युमेंटडीबी हे त्याचे पूर्वरूप. आत इंजिन एकच आहे आणि माहिती जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या) दस्तऐवजांच्या रूपातच साठते. पण वरचा इंटरफेस खाते उघडताना एकदा निवडला की त्या खात्यापुरता तो कायमचा. कंटेनरची (डेटा ठेवण्याच्या संग्रहाची) पार्टिशन की, म्हणजे कोणती नोंद कोणत्या भागात राहील ते ठरवणारा गुणधर्म, हीसुद्धा तशीच, कंटेनर तयार करतानाच ठरते. म्हणजे सहा महिन्यांनी मत बदलले तर दुसरे खाते उघडून सगळा डेटा हलवावा लागतो आणि त्यावर बसलेला सगळा कोड पुन्हा लिहावा लागतो. खाते उघडण्याआधीचा आठवडा कागदावर घालवणे हे या कामातले सर्वांत स्वस्त पाऊल आहे, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक टीमला सांगतो.

आता तुमच्या डेटाकडे जवळून पाहू. पोलाद कारखान्यात एका वितळणीला एक हीट नंबर मिळतो. त्या हीटचे बार फोर्जिंगवाल्याकडे येतात, कापले जातात आणि त्यांचे ठोकळे घडवले जातात. इथपर्यंत चित्र झाडासारखे आहे, एकाचे अनेक. पण हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत एका चार्जमध्ये (एका वेळी भट्टीत घातलेल्या मालात) दोन वेगवेगळ्या हीटचे भाग एकत्र जाऊ शकतात आणि तिथे फांद्या पुन्हा मिळतात. तपासणीत नापास झालेला लॉट (भागांचा गट) रिवर्कला, म्हणजे दुरुस्तीला, जातो आणि मशिनिंगकडे परत येतो, म्हणजे कच्च्या मांडणीत चक्रही तयार होते. जुळणीत एका गिअरबॉक्समध्ये वेगवेगळ्या पुरवठादारांचे भाग बसतात. फुटणे, मिळणे आणि क्वचित मागे वळणे या तिन्ही गोष्टी असल्यामुळे तुमचा डेटा ग्राफ आहे, याबद्दल तुमच्या सहकाऱ्याचे म्हणणे योग्यच आहे.

मात्र या डेटाला विचारले जाणारे प्रश्न तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार म्हणजे एका वस्तूची माहिती : या लॉटची कठिणता किती आली, प्रमाणपत्र कुठे आहे. दुसरा म्हणजे शेजारचा दुवा : या भट्टीच्या चार्जमध्ये कोणते लॉट होते. तिसरा म्हणजे लांबचा प्रवास : हा हीट नंबर सदोष निघाला तर तो कोणकोणत्या चासीपर्यंत पोचला आहे, किंवा उलट, या चासीतला गिअर तुटला तर त्याचे पोलाद कोणत्या हीटचे होते. माझ्या अनुभवात अशा प्रणालींवर दिवसभर पडणारा भार जवळजवळ सगळा पहिल्या दोन प्रकारांचा असतो. तिसरा प्रश्न क्वचित येतो. पण येतो तेव्हा रिकॉलचा, म्हणजे सदोष वाहने परत बोलावण्याचा, निर्णय त्यावर अवलंबून असतो आणि तेव्हा उत्तर पूर्ण आणि बिनचूकच लागते. हे दोन्ही लक्षात ठेवून निवड करावी लागते, आणि म्हणूनच सरसकट एक उत्तर देता येत नाही.

इंटरफेसच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि बहुतेक टीम त्याच्याकडे पुरेसे लक्ष देत नाहीत : नोड कशाला म्हणायचे? समजा, ४० टनांची एक हीट आहे आणि तुमच्या गिअरचा फोर्जिंगचा ठोकळा २ किलोचा आहे. सरळ भागाकाराने २०,००० ठोकळे होतात. कापणी, फ्लॅश (घडवताना कडेला निघणारा जादा धातू) आणि नापास माल वजा केला तरी १५,००० च्या आसपास गिअर उरतील. प्रत्येक गिअरला स्वतंत्र नोड दिला तर एका हीटच्या प्रवासात पहिल्या टप्प्यातच १५,००० नोडांना हात लावावा लागतो. त्याऐवजी ५०० गिअरांचा एक लॉट हा नोड मानला तर तेच काम ३० नोडांवर येते. यातून वेगात आणि खर्चात पडणारा फरक कोणत्याही दोन इंटरफेसांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. त्याची किंमतही आहे. लॉटच्या पातळीवर मागोवा घेतला तर संशयित वाहनांची यादी गरजेपेक्षा मोठी येते, कारण लॉटमधला नेमका कोणता गिअर कुठे गेला हे सांगता येत नाही. ही किंमत चालेल की नाही, हे सॉफ्टवेअरवाल्यांनी ठरवायचे नाही. क्वालिटी विभागातल्या लोकांसोबत बसून हे लेखी ठरवून घ्या. गिअरबॉक्सला बहुधा स्वतःचा अनुक्रमांक असतो, त्यामुळे तिथून पुढे एकेक वस्तू आणि त्याच्या मागे लॉट, अशी मिश्र पद्धत मला अनेकदा सोयीची वाटली आहे.

आता पोस्टग्रेसक्यूएलकडे येतो. स्वतःला हाक मारणारी क्वेरी, म्हणजे विथ रिकर्सिव्ह, पोस्टग्रेसमध्ये २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून आहे, आणि चक्र ओळखून थांबण्यासाठी सायकल हे वाक्यखंड २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत आले. दुव्यांचे एक टेबल, त्यात कुठून आणि कुठे असे दोन रकाने, दोन्ही रकान्यांवर इंडेक्स, आणि दुव्याचा प्रकार सांगणारा तिसरा रकाना. एवढ्या मांडणीवर सहा-सात पायऱ्यांचा प्रवास दोन्ही दिशांनी व्यवस्थित होतो. तुमचे दुवे काही दशलक्षांच्या घरात असतील, खोली दहाच्या आत असेल आणि टीमला एसक्यूएल येत असेल, तर मी आधी इथेच थांबून पाहीन. ॲझ्युअरवर पोस्टग्रेसची व्यवस्थापित सेवा आहेच. इथे ट्रँझॅक्शन, म्हणजे एकत्र केलेल्या नोंदी सगळ्या होतील किंवा एकही होणार नाही ही हमी, पूर्ण मिळते, त्यामुळे लॉट नोंदवला पण त्याचा दुवा नोंदवायचा राहिला, असली अर्धवट अवस्था उरत नाही. ट्रेसेबिलिटीत हा गुण फार मोलाचा आहे, कारण तुटलेला एक दुवा म्हणजे रिकॉलच्या यादीतून निसटलेले वाहन. गाडे अडते ते वाटेवरच्या अटी वाढल्या की. अमुक प्रकारच्या दुव्यावरून दोनदा जा, मग तमुक प्रकारचा लागेल तिथे फाटा घे, वाटेतल्या एखाद्या चार्जचे तापमान ठरावीक मर्यादेबाहेर असेल तरच पुढे जा, असल्या अटी रिकर्सिव्ह क्वेरीत लिहिता येतात. पण पुढच्या माणसाला त्या वाचता येत नाहीत. असे प्रश्न तुमच्याकडे खरोखर असतील तर ग्राफची भाषा घ्या.

वरिष्ठांच्या मताचा विचारही आदराने करायला हवा, कारण टीमला काय येते हा मुद्दा हलका नाही. रात्री दोन वाजता लाइन थांबलेली असताना जो माणूस क्वेरी दुरुस्त करणार आहे, त्याला ती भाषा यायला हवी. पण दस्तऐवजांच्या (मोंगो आणि नोएसक्यूएलच्या) इंटरफेसने ग्राफ चालताना एक अडचण येते. मोंगोडीबीत २०१६ च्या ३.४ आवृत्तीपासून ग्राफलुकअप नावाचा टप्पा आहे, जो एका संग्रहात दुव्यांमागून दुवे काढत जातो. परंतु मोंगोशी सुसंगत असलेल्या क्लाउड सेवांमध्ये मोंगोची प्रत्येक सोय असतेच असे नाही. तेव्हा तुम्ही ज्या प्रकारचे आणि ज्या आवृत्तीचे खाते घेणार त्याच्या सुसंगततेच्या तक्त्यात हा टप्पा आहे का, ते पाहिल्याशिवाय त्यावर आराखडा उभा करू नका. नोएसक्यूएल इंटरफेसबद्दल तर नेहमीच गैरसमज होतो. त्याच्या भाषेत जॉइन हा शब्द आहे, पण तो एकाच दस्तऐवजाच्या आतल्या यादीशी जोडणी करतो. दोन वेगळ्या दस्तऐवजांना जोडत नाही. म्हणजे लॉटच्या दस्तऐवजातून चार्जच्या दस्तऐवजाकडे जायचे तर ते पाऊल तुमच्या कोडने टाकायचे. एक-दोन पावले असतील तर हरकत नाही. सहा पावले असतील आणि प्रत्येक पावलाला शेकडो फाटे असतील, तर प्रत्येक पावलाला नेटवर्कवरून जाऊन परत यावे लागते, आणि मधेच एक विनंती अपयशी झाली तर ती ओळखून पुन्हा पाठवण्याची जबाबदारीही तुमच्याच कोडवर येते.

तेव्हा इथपर्यंतचा हिशेब असा : उथळ प्रश्न असतील तर दस्तऐवज, ठरावीक खोलीचे आणि मोजक्या अटींचे प्रश्न असतील तर पोस्टग्रेस, आणि वाट व अटी दोन्ही बदलत्या असतील तर ग्राफची भाषा. तुमच्या वर्णनावरून तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या सीमेवर आहात. म्हणून ग्रेम्लिन घेतले तर काय सांभाळावे लागेल, ते आता सविस्तर सांगतो.

ग्रेम्लिन ही अपाची टिंकरपॉप प्रकल्पाची भाषा. या नोडपासून निघ, या प्रकारच्या एजवरून बाहेर जा, हे अमुक अट पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा कर, अशी पावलांची साखळी तिच्यात लिहायची असते. तुमच्या रिकॉलच्या प्रश्नाला ही रचना चपखल बसते. पण कॉसमॉसमध्ये ती पूर्ण टिंकरपॉप म्हणून चालत नाही. क्वेरी मजकुराच्या रूपातच पाठवावी लागते, बाइटकोडच्या (आधीच रूपांतरित केलेल्या संकेतांच्या) रूपात नाही. लॅम्डा (क्वेरीच्या आत लिहिलेली छोटी फंक्शने) चालत नाहीत. अनेक पावलांचे ट्रँझॅक्शन मिळत नाही. रिपीटच्या फेऱ्यांना ३२ ची आणि उत्तराच्या वेळेला ३० सेकंदांची मर्यादा आहे. लॅपटॉपवर टिंकरपॉपचा स्थानिक सर्व्हर बसवून तयार केलेला कोड कॉसमॉसवर तसाच चालेल असे गृहीत धरू नका. पहिल्या दिवसापासून खऱ्या सेवेवरच चाचणी घ्या.

यातली सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे एजची दिशा. कॉसमॉसमध्ये एज जिथून निघते त्या नोडच्या पार्टिशनमध्ये साठते, आणि ती कोणत्या नोडकडे व कोणत्या पार्टिशनकडे जाते याची नोंद तिच्यातच असते. त्यामुळे एजच्या दिशेने जाणे स्वस्त, कारण पुढचे घर नेमके कुठे आहे ते माहीत असते. उलट दिशेने जायचे असेल, तर या नोडकडे येणाऱ्या एज कुठे कुठे आहेत हे त्या नोडला ठाऊक नसते आणि सगळ्या पार्टिशनांना विचारावे लागते. लक्ष्मी रस्त्याच्या एकेरी वाहतुकीची ज्यांना सवय आहे त्यांना हे पटकन समजेल : दुकान समोर दिसत असले तरी उलटे जाता येत नाही, सगळा वळसा घालावा लागतो. डेटा थोडा असताना, एकच पार्टिशन असताना, हा फरक जाणवतही नाही. म्हणूनच चाचणीत सगळे सुरळीत चालते आणि डेटा वाढल्यावर तीच क्वेरी अचानक जड होते.

तुम्हाला दोन्ही दिशा लागणार आहेत. रिकॉलचा प्रश्न हीटपासून चासीकडे जातो आणि तक्रारीचा प्रश्न चासीपासून हीटकडे. माझा सल्ला असा की प्रत्येक दुव्यासाठी दोन एज लिहा, एक जाणारी आणि एक येणारी, आणि क्वेरीत नेहमी बाहेर जाणारेच पाऊल वापरा. यात साठवण आणि लेखनाचा खर्च वाढतो, हे खरे. शिवाय ट्रँझॅक्शन नसल्यामुळे एक एज लिहिली गेली आणि दुसरी राहिली, असेही होऊ शकते. त्यावर उपाय म्हणजे एजचा आयडी यादृच्छिक न ठेवता कुठून, कुठे आणि कोणता प्रकार या तिघांपासून बनवणे. मग तीच नोंद कितीही वेळा पुन्हा पाठवली तरी दुसरी एज तयार होत नाही, आणि अपयश आले की बिनधास्त पुन्हा पाठवता येते. जोडीला, रोज रात्री जाणाऱ्या आणि येणाऱ्या एजांचा ताळा घेणारे एक छोटे काम लावा. ट्रेसेबिलिटीत हे ऐच्छिक मानू नये.

पार्टिशन कीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण इंटरफेसइतकेच तिच्यावरही लक्ष द्या. ग्रेम्लिनच्या कंटेनरमध्ये आयडी किंवा लेबल ही पार्टिशन की ठेवता येत नाही. स्वतंत्र गुणधर्म द्यावा लागतो. पहिल्यांदा सुचणारे उत्तर बहुधा पुरवठादाराचा किंवा कारखान्याचा कोड असे असते. तो कोड मी टाळतो. असे कोड मोजकेच असतात, त्यातला एखादा पुरवठादार बाकी सगळ्यांहून मोठा असतो, आणि एका की-मूल्याखाली २० जीबीपेक्षा जास्त डेटा ठेवता येत नाही. ट्रेसेबिलिटीचा डेटा वर्षानुवर्षे पुसायचा नसतो, म्हणजे ती मर्यादा कधीतरी गाठली जाणारच. ज्या नोंदी एकत्र वाचल्या जातात त्या एकत्र राहाव्यात, या विचाराने लॉटचा किंवा उत्पादन आदेशाचा क्रमांक हे मूल्य मला योग्य वाटते : लॉट, त्याच्या तपासण्या आणि त्यातून निघणाऱ्या एज एका ठिकाणी राहतात, आणि मूल्ये इतकी असंख्य असतात की कोणतेही एक फुगत नाही. नोड शोधताना आयडीबरोबर हे मूल्यही द्यायचे. नुसता आयडी दिला तर पुन्हा सगळ्या पार्टिशनांना विचारणे आले.

त्याच कारणाने काही गोष्टींना नोड बनवण्याचा मोह आवरा. भट्टी क्रमांक ३ हा नोड केला आणि त्या भट्टीतून गेलेला प्रत्येक चार्ज त्याला जोडला, तर काही वर्षांत त्या एका नोडवर एजांचा डोंगर साचतो आणि वाटेत तो नोड लागला की प्रवास हव्या त्या हीटमधून नको त्या हजारो लॉटांमध्ये पसरतो. भट्टीचा क्रमांक हा चार्जचा गुणधर्म असू द्या. रंग, पाळी, ऑपरेटर यांचेही तेच. ज्यातून माल पुढे जातो तेवढ्यालाच नोड करा.

कॉसमॉसमध्ये खर्च रिक्वेस्ट युनिटमध्ये मोजतात. १ केबीची एक नोंद आयडी आणि पार्टिशन की देऊन वाचली तर १ युनिट लागते. ठरवलेल्या युनिटांपेक्षा जास्त मागणी झाली की ४२९ क्रमांकाची चूक परत येते. रोजच्या नोंदींचा भार समान असतो, पण रिकॉलचा एक प्रवास क्षणात हजारो युनिटे मागू शकतो, आणि त्या क्षणी लाइनवरच्या स्कॅनरची लेखने अडता कामा नयेत. ऑटोस्केल (मागणीनुसार युनिटे आपोआप वाढवणारी सोय) लावा, आणि मोठा प्रवास एका क्वेरीत न करता टप्प्यांत करा : आधी हीटपासून लॉटांपर्यंत जाऊन यादी पक्की करा, ती कुठेतरी लिहून ठेवा, मग एकेका लॉटपासून चासीपर्यंत जा. अनेक वाटांनी तीच चासी पुन्हा पुन्हा येईल, म्हणून प्रत्येक टप्प्यावर दुहेरी नोंदी गाळा. रिवर्कच्या चक्रातूनही त्यामुळेच सुटका होते. ३० सेकंदांची मर्यादाही टप्प्यांमुळे आड येत नाही, आणि मधे काही बिघडले तर सुरुवातीपासून चालावे लागत नाही. क्वेरीच्या शेवटी एक्झिक्यूशन प्रोफाइलचे पाऊल जोडले की कोणत्या पावलाला किती वेळ गेला आणि कुठे अनेक पार्टिशनांना विचारले गेले, ते दिसते. तो अहवाल वाचण्याची सवय टीममधल्या सगळ्यांना लावा.

तुमचा दुसरा सहकारी निओफोरजे म्हणतो, त्याचेही मत अवास्तव नाही. निओफोरजेची सायफर भाषा फळ्यावर काढलेल्या चित्रासारखी लिहिली जाते, आणि नव्याने आलेल्या मुलामुलींना ती ग्रेम्लिनपेक्षा लवकर समजते असे मी पाहिले आहे. तिथे येणारी आणि जाणारी अशा दोन्ही दिशा सारख्याच सहज चालतात, त्यामुळे वर सांगितलेली दुहेरी एजांची कसरत करावी लागत नाही. ट्रँझॅक्शनही मिळते. ऑरा नावाची निओफोरजेची क्लाउड सेवा ॲझ्युअरसह तिन्ही मोठ्या क्लाउडवर मिळते. शिवाय ग्राफसाठीची आंतरराष्ट्रीय प्रमाण भाषा, जीक्यूएल, एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर सायफरचा ठसा स्पष्ट आहे. म्हणजे सायफर शिकलेले ज्ञान वाया जाणार नाही. तुमच्या बाबतीत अडचण असेल ती वेगळा करार, वेगळे बिल आणि सुरक्षेची वेगळी तपासणी यांची. ती तुमच्या कंपनीत किती जड आहे, ते तुम्हालाच माहीत.

ॲझ्युअरचे बंधन नसते तर ॲमेझॉनच्या नेपच्यूनचाही विचार केला असता. २०१८ पासून सर्वांसाठी खुली असलेल्या त्या सेवेत एकाच प्रॉपर्टी ग्राफला (नोड आणि एजवर गुणधर्म ठेवणाऱ्या ग्राफला) ग्रेम्लिन आणि ओपनसायफर अशा दोन्ही भाषांत विचारता येते. स्पार्कल ही तिथली तिसरी भाषा आरडीएफ पद्धतीच्या (माहिती तीन-तीन पदांच्या विधानांत मांडणाऱ्या) डेटासाठी आहे आणि तो डेटा वेगळा राहतो. अनेक संस्थांनी सामायिक शब्दसंग्रह वापरायचा असेल तिथे तिचा उपयोग, तुमच्या कामात मला तो दिसत नाही. ग्रेम्लिन घेतले तर उद्या नेपच्यूनवर सहज जाता येईल, असे काही जण सांगतात. भाषा तीच राहते, हे खरे. पण पार्टिशन की, दुहेरी एज आणि मजकुराच्या क्वेरी या कॉसमॉससाठी केलेल्या तडजोडी सोबत येतात, तेव्हा त्या आश्वासनावर फार विसंबू नका.

सर्व्हर कुठे ठेवावा, असेही तुम्ही ओझरते विचारले आहे. ॲझ्युअरचा मध्य भारत विभाग पुण्यातच आहे, त्यामुळे चाकणच्या लाइनसाठी अंतराचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. पण ॲप्लिकेशन आणि डेटाबेस एकाच विभागात ठेवा. विशेषतः दस्तऐवजांचा इंटरफेस घेऊन पावले तुमच्या कोडने टाकायची ठरवलीत, तर दोन विभागांमधला प्रत्येक फेरा पावलांच्या संख्येने गुणला जातो.

तुमच्या जागी मी असतो तर असे केले असते. क्वालिटी, उत्पादन आणि ग्राहक-तक्रार या तिन्ही विभागांतल्या माणसांकडून त्यांचे खरे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले असते, आणि प्रत्येकापुढे सुरुवात कुठून, दिशा कोणती, पायऱ्या किती आणि दिवसातून किती वेळा, हे मांडले असते. मग एका कारखान्याचा एका महिन्याचा खरा डेटा घेतला असता. त्यात सर्वांत जास्त लॉटांत विखुरलेली हीट आणि रिवर्कला गेलेला किमान एक लॉट असलाच पाहिजे, कारण गुळगुळीत नमुन्यावर सगळेच इंटरफेस चांगले वाटतात. तो डेटा पोस्टग्रेस आणि ग्रेम्लिन या दोन्हींत भरून, तेच प्रश्न विचारून, वेळ आणि युनिटे समोरासमोर लिहिली असती. कोडमध्ये हीटपासून चासीपर्यंत आणि चासीपासून हीटपर्यंत अशी दोन-चार फंक्शने ठेवून क्वेरीची भाषा त्यांच्या आतच कोंडली असती, म्हणजे निकाल कोणताही लागला तरी बाकीचा कोड हलत नाही. पोस्टग्रेसमध्ये सगळे प्रश्न समाधानकारक वेळात सुटले तर मी तेच घेईन.

वरिष्ठांना मोंगो हवेच असेल तर त्याला योग्य जागाही आहे. तपासणीचे अहवाल, पोलादाची टेस्ट सर्टिफिकेटे, मोजमापांच्या लांबलचक याद्या यांचा आकार ग्राहकागणिक बदलतो आणि त्यांच्यावरून कोणी चालत नाही. त्या दस्तऐवजांच्या संग्रहात राहू द्या आणि ग्राफच्या नोडवर फक्त त्यांचा आयडी, लॉट क्रमांक, तारीख आणि प्रवासात गाळणीला लागणारी दोन-चार मूल्ये ठेवा. नोड जितका हलका, तितका प्रवास स्वस्त. फक्त एक पथ्य पाळा : लॉट क्रमांक दोन्हीकडे अक्षरशः एकाच पद्धतीने लिहिला गेला पाहिजे. एका कारखान्यात शून्य पुढे लावतात, दुसऱ्यात मधे तिरकी रेघ देतात, तिसऱ्यात मोकळी जागा सोडतात. हे सगळे डेटा आत येतानाच एका साच्यात आणा. नंतर कोणत्याही इंटरफेसने ते दुवे जुळत नाहीत.